ऑनलाइन लिलावातून घेतलेल्या 'भोसलेकालीन' तलवारीचा रिव्ह्यू, पाचपैकी दीड स्टार

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी एका ऑनलाइन लिलाव साइटवरून मी तलवार घेतली, खंडेनवमीला घरच्या पूजेत ठेवायची म्हणून. साइटचं नाव इथे देत नाही कारण पैशाचं प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही, पण जे झालं ते सगळं लिहितो, कारण नागपुरातले निदान चार-पाच जण मला ओळखीचे आहेत ज्यांनी अशाच ठिकाणाहून वस्तू घेतल्या आणि आता कपाटात ठेवून दिल्यात, कोणाला दाखवत पण नाहीत.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे पुढचं समजेल. हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये कामाला आहे, वीस वर्षं झाली, लोखंड, ग्राइंडिंग, वेल्डिंग, व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) हेच रोजचं. जुन्या हत्यारांचा नाद बाबांमुळे लागला, लहानपणी ते अजब बंगल्यात न्यायचे (मध्यवर्ती संग्रहालय, पण नागपूरच्या महाल भागातले जुने लोक अजून अजब बंगलाच म्हणतात, १८६३ पासूनचा आहे तो) आणि शस्त्रांच्या दालनात मी तासन् तास उभा राहायचो. घरी आजोबांची एक कट्यार आहे, साधी, नक्षी वगैरे काही नाही, पण खरी. तिच्या जोडीला तलवार असावी ही खूप दिवसांची इच्छा.

आणि २०२५ साल तर तुम्हाला आठवतच असेल. फेब्रुवारीत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं आपल्या अजब बंगल्यात आली, शिवशस्त्रशौर्यगाथा प्रदर्शन लागलं. मग एप्रिलमध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात नागपूरच्या रघुजी राजे भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती घेतली, सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार, ऑगस्टमध्ये मुंबईत आली. नागपूरकर माणसाला त्या बातमीने काय वाटलं असेल ते वेगळं सांगायची गरज नाही. १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, खजिन्यातले दागिने नेऊन कलकत्त्यात लिलावात विकले, आणि आता तिकडून एक तरी वस्तू परत आली. मी स्वतः त्या रात्री बातमी तीनदा पाहिली.

पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला की दोन-तीन महिन्यांत ऑनलाइन लिलावांत 'नागपूरकर भोसले घराणे', 'सेनासाहेबसुभा (म्हणजे नागपूरकर भोसल्यांचा किताब) यांच्या शस्त्रागारातील', 'मराठा फिरंग' (युरोपीय पात्याची तलवार) असल्या नावाच्या वस्तूंचा पूर आला. वर्षभर आधी हेच विक्रेते त्याच मालाला 'राजपूत' म्हणत होते. त्याच्या आधी २०२३ मध्ये टिपू सुलतानाची तलवार बॉनहॅम्सच्या लिलावात एक कोटी चाळीस लाख पौंडांवर गेली तेव्हा सगळ्या मुठींवर वाघाचे पट्टे आले होते. बातमी येते तसा माल बनतो, हे आता कळतं, तेव्हा लक्षात आलं नाही.

मी घेतलेल्या लॉटचं, म्हणजे लिलावातल्या वस्तूचं, वर्णन असं होतं: 'अठराव्या शतकातील दुर्मिळ मराठा तलवार, फौलादी जौहरदार पाते, मुठीवर सोन्याचे कोफ्तगिरी काम, पात्यावर देवनागरी लेख, नागपूर संस्थानाशी संबंधित कुटुंबाकडून प्राप्त.' एस्टिमेट, म्हणजे अंदाजे किंमत, ८० हजार ते १ लाख २० हजार. फोटो सात, सगळे काळ्या कापडावर, थोड्या पिवळ्या उजेडात, त्यातले पाच मुठीचे. मला ६४ हजारांवर मिळाली आणि मी खरंच खूश झालो होतो, एस्टिमेटच्या खाली मिळाली म्हणून. हीच पहिली चूक. एस्टिमेट हा त्यांनीच टाकलेला आकडा आहे, बाजाराने नाही. १ लाख २० हजार वाचलं की ६४ स्वस्त वाटतात, पण त्या वस्तूची किंमत ६ असेल तर?

आणि ६४ वर पण थांबत नाही. वीस टक्के बायर्स प्रीमियम (साइटचं कमिशन) म्हणजे १२,८००, त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी २,३०४, पॅकिंग, इन्शुरन्स, कुरिअर मिळून ३,९००. झाले ८३,००४. बोली लावताना स्क्रीनवर फक्त ६४ दिसतात, बाकीचं नियम-अटींच्या पानावर खाली कुठेतरी. जो कोणी पहिल्यांदा बोली लावणार असेल त्याने आपला शेवटचा आकडा ठरवताना सरळ तीस टक्के वर धरावे आणि मग मागे यावं.

पार्सल आठव्या दिवशी आलं. पॅकिंग चांगलं होतं, हे खरं ते लिहिलं पाहिजे, लाकडी पेटी, फोम, नीट. उघडल्याबरोबर हातात घेतली आणि मला काहीतरी खटकलं पण पटकन समजलं नाही. जड होती. वजन केलं तर १ किलो ६४० ग्रॅम. जुन्या तलवारी बहुतेक ८०० ग्रॅम ते ११०० च्या आसपास असतात, माणसाने दिवसभर घोड्यावर बसून चालवायची वस्तू आहे ती. सिनेमात आणि मिरवणुकीत जड तलवार म्हणजे पराक्रम असं दाखवतात त्यामुळे लोकांना जड वस्तू खरी वाटते, आणि नकली बनवणाऱ्याला ते माहीत असतं.

मग व्हर्निअर काढला. ही गोष्ट मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, कारण यापेक्षा सोपी आणि पक्की टेस्ट नाही आणि याला कोणी तज्ज्ञ लागत नाही. खरं पातं मुठीजवळ जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं, मुठीशी पाच-सहा मिलिमीटर असेल तर टोकाच्या वितभर आधी दोन-अडीचवर येतं, कारण लोहाराने ते ठोकून ओढलेलं असतं, वजन हाताकडे राहावं आणि टोक हलकं फिरावं म्हणून. माझ्या तलवारीचं माप आलं ४.१, मध्ये ४.०, टोकाजवळ ४.०. म्हणजे बाजारातली चार एमएमची प्लेट घेतली, तलवारीच्या आकारात कापली आणि कडेला धार काढली. मी रोज प्लेट हाताळणारा माणूस, मला ते बघून पोटात कसंतरी झालं.

त्याच संध्याकाळी ती घेऊन मी महालात एका शिकलगार काकांकडे गेलो. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हत्यारांना पाणी देण्याचं, पॉलिशचं काम होतं, आता मुलं दुसरीकडे नोकरीला आहेत पण काकांचा हात आणि डोळा अजून तसाच आहे. त्यांनी मूठ नाकाजवळ नेली, वास घेतला. मी म्हटलं काका काय पाहता, तर म्हणाले, 'लाखेचा वास पाहून रायलो बाबू. जुन्या मुठीत लाख अन् राळ भरत होते, पातं गरम करून आत रोवत. यात तं प्लास्टिकचा वास हाय.' मग भिंग लावून मुठीचा आणि पात्याचा सांधा दाखवला. वरून काळपट लाखेसारखं काहीतरी लावलेलं, नखाने खरवडलं तर खाली राखाडी इपॉक्सी आणि त्याच्या खाली वेल्डिंगचा टाका, एका जागी बारीक पिनहोल पण राहिलेलं. अठराव्या शतकातल्या तलवारीत आर्गन वेल्डिंग.

मी गप्पच बसलो होतो. काकाच म्हणाले, 'मन लहान नोको करू. बनवनाऱ्याचा हात काही वाईट नोय, पन त्यानं ते तलवार म्हनून बनवलीच नाही, दाखवाले बनवली.' हे मला पटलं आणि लक्षात पण राहिलं. उदयपूर-जयपूरकडे कोफ्तगिरी करणारे आजही आहेत, देहरादूनला तलवारी बनवणारे कारखाने आहेत, त्यांचं काम प्रामाणिक आहे, ते नवी वस्तू नवी म्हणून विकतात. मधला माणूस तिला ॲसिडात बुडवतो आणि तीनशे वर्षं जुनी करतो. राग त्याच्यावर आहे.

गंजाचं पण काकांनी दाखवलं. जुना गंज काळपट तपकिरी असतो, घट्ट बसलेला, कापसाने पुसला तर जवळजवळ काही निघत नाही, आणि तो सगळीकडे सारखा नसतो: जिथे हात लागतो तिथे घासून गुळगुळीत झालेलं, जिथे म्यानात ओल राहिली तिथे खड्डे. ॲसिडचा गंज नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला लागतो, आणि सगळीकडे एकसारखा, जिथे कधी हात पोहोचतच नाही त्या परजेच्या (मुठीवरच्या बचावपट्टीच्या) आतल्या कोपऱ्यातही तेवढाच. माझ्या तलवारीच्या मुठीवर जिथे तळहात बसतो तिथे झीज नव्हतीच. इतकी वर्षं कोणी धरलीच नाही का ती?

सोन्याचं काम पण तसंच. खऱ्या कोफ्तगिरीत लोखंडावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून पृष्ठभाग खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात, म्हणून सोनं झिजलं की खाली त्या जाळीच्या रेघा भिंगातून दिसतात. दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग नागपुरात इतवारीत मिळतं, फार महाग नाही, घ्याच. माझ्या मुठीवर सोनं निघालेल्या जागी खाली सपाट लोखंड. म्हणजे रंग नाहीतर मुलामा.

जौहरचं थोडं विस्ताराने सांगतो कारण यात सर्वात जास्त लोक फसतात. जुनं फौलाद मुशीत वितळवून करायचे, आपल्यापासून फार लांब नाही, तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम गाव आहे, तिथलं फौलाद इराणपर्यंत जायचं. त्या पोलादाच्या आतच कार्बनची रचना अशी असते की पॉलिश करून हलकं ॲसिड लावलं की पाण्याच्या लहरींसारखी बारीक, अनियमित नक्षी दिसते, तो जौहर. आज 'दमास्कस' म्हणून जे विकतात ते दोन वेगळ्या पोलादांच्या पट्ट्या एकमेकांवर ठेवून, घडी घालून ठोकलेलं असतं, त्याची नक्षी मोठी, ठळक, लाकडाच्या रेषांसारखी किंवा एकसारख्या गोलांची. चाकू म्हणून ते उत्तम आहे, पण तो जौहर नाही. आणि माझ्या पात्यावर तर तेही नव्हतं, नक्षी वरून ॲसिडने छापलेली होती, कडेला धारेवर येऊन ती एकदम थांबत होती. खरा जौहर धारेपर्यंत जातो, कारण तो लोखंडातच असतो.

आता तो लेख. पात्यावर कोरलं होतं 'श्री राजा शिवछत्रपती शके १६७४'. मी लिलावाच्या आधी फोटोत हे वाचलं होतं आणि १६७४ पाहून माझ्याही डोक्यात राज्याभिषेकच आला, कबूल करतो. पण १६७४ हे इसवी सन आहे! शके काढायचं तर ७८ वजा करा, राज्याभिषेक शके १५९६ चा. शके १६७४ म्हणजे इसवी सन १७५२, तेव्हा महाराजांना जाऊन बहात्तर वर्षं झाली होती. कोरणाऱ्याला आकडा माहीत होता, शक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आणि अक्षरं? कॉम्प्युटरच्या फॉन्टसारखी, सगळी एका उंचीची, सगळ्या रेघा एका खोलीच्या. हाताने छिन्नीने कोरलेल्या अक्षरात रेघ सुरू होते तिथे खोल आणि सुटते तिथे उथळ होते.

लेख पाहून भुलू नका एवढंच म्हणत नाही, लेख असेल तर उलट जास्त संशय घ्या. शिक्के आणि नावं खोटी टाकायची पद्धत काही आजची नाही. इराणच्या असदुल्लाह इस्फहानी या तलवार बनवणाऱ्याचं नाव इतक्या पात्यांवर आहे की एका माणसाने एवढी बनवणं शक्यच नाही. युरोपातल्या जिनोआच्या पात्यांवर विळ्यासारख्या दातेरी खुणा असायच्या, आपल्याकडच्या लोहारांनी त्या खुणा त्याच काळात आपल्या पात्यांवर मारल्या, त्यालाच गुर्दा म्हणतात. त्या निदान जुन्या नकला आहेत, त्यांनाही आता किंमत आहे. पण आजची फॅशन म्हणजे बिकानेरच्या शस्त्रागाराच्या ठिपक्या-ठिपक्यांच्या खुणा. १६८९ मध्ये अदोनीच्या वेढ्यानंतर महाराजा अनूपसिंहांनी पुष्कळ हत्यारं बिकानेरला नेली, त्यांच्यावर ठिपक्यांनी कोरलेले देवनागरी लेख आहेत आणि त्यामुळे त्यांची किंमत चढते, म्हणून आता कुठल्याही कट्यारीवर कोणीही पंच घेऊन ठिपके मारतो. ठिपक्याच्या आत भिंगाने पाहा, बाहेर काळा गंज आणि ठिपक्यात चकचकीत लोखंड असेल तर ठिपका कालचा आहे.

तक्रारीचा अनुभव. कस्टमर केअरला फोन केला, मुलगी गोड बोलली, ईमेल करा म्हणाली. ईमेल केला, मापं, फोटो, सगळं जोडलं. उत्तर आलं की सर्व लॉट 'जसे आहे तसे' विकले जातात आणि वर्णन हे फक्त मत आहे. मी परत लिहिलं की 'अठराव्या शतकातील' हे मत कसं, ते तर तारीख सांगणं झालं. मग म्हणाले सात दिवसांच्या आत मान्यताप्राप्त तज्ज्ञाचं लेखी पत्र द्या. मान्यता कोणाची, ते विचारलं तर उत्तर नाही. शिकलगार काकांचा पंचेचाळीस वर्षांचा अनुभव त्यांच्या हिशेबात धरत नाहीत कारण त्यांच्याकडे लेटरहेड नाही, याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं.

शेवटी काम झालं ते बिलामुळे. हे नीट वाचा, तुमच्या उपयोगाचं आहे. बिलावर वस्तूचं वर्णन होतं 'शोभेची वस्तू, हँडिक्राफ्ट' आणि एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर) ८३०६. आमच्या कंपनीत डिस्पॅचची कागदं मी पाहतो म्हणून कोड बघायची सवय आहे. ८३०६ म्हणजे साध्या धातूच्या शोभेच्या वस्तू, घंटा, पुतळे वगैरे. तलवारींचा कोड ९३०७ आहे आणि शंभर वर्षांवरच्या अँटिक वस्तूंचा ९७०६. म्हणजे लिस्टिंगमध्ये तीनशे वर्षं जुनी आणि सरकारच्या कागदावर शोपीस. मी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून पाठवलं आणि म्हटलं, यातलं एक खोटं आहे, कोणतं ते तुम्ही सांगा, नाहीतर मी ग्राहक मंचात विचारतो. चौथ्या दिवशी रिफंड मंजूर. पण फक्त हॅमर प्राइसचा, म्हणजे बोलीच्या ६४ हजारांचा. प्रीमियम, त्याचा जीएसटी, कुरिअर मिळून १९,००४ त्यांनी ठेवले, परत पाठवायचे २,१०० माझेच, म्हणजे २१,१०४ गेले. त्यासाठी तक्रार चालू आहे.

कायद्याचं पण थोडं सांगतो कारण विक्रेते यावर मुद्दाम बोलत नाहीत. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, १९७६ पासून लागू, शंभर वर्षांवरची वस्तू म्हणजे पुरावशेष, तिचा धंदा करायचा तर लायसन्स लागतं, आणि ती देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न लायसन्स नंबरचा विचारा. आणि कोणी लिहिलं असेल 'सतराव्या शतकातील अस्सल, जगभर शिपिंग' तर विचार करा, अस्सल असेल तर तो गुन्हा करतोय आणि गुन्हा करत नसेल तर वस्तू अस्सल नाही, दोन्हीकडून आपण लांब राहिलेलं बरं. शिवाय नऊ इंचांपेक्षा लांब धारदार पातं शस्त्र कायद्यात येतं, त्यामुळे घेण्याआधी आपल्या ठाण्यात नियम विचारून घ्या, कुरिअरवाल्याकडून पार्सल घेताना पोलिसांसमोर खुलासा देत बसायची वेळ नको.

आता किमतींबद्दल, कारण नकली वस्तू हा अर्धाच आजार आहे. दुसरा अर्धा म्हणजे खरी वस्तू, खोटी गोष्ट. त्याच साइटवर नोव्हेंबरमध्ये एक तलवार आली, ती मात्र खरी, फोटोवरूनच कळत होतं, पातं निमुळतं, मुठीच्या कटोरीला (टोकाच्या गोल चकतीला) एका बाजूला चेपलेलं, झीज बरोबर जागी. वर्णन 'नागपूरकर भोसल्यांच्या सरदाराची', सुरुवातीची बोली अडीच लाख. मी कटोरीचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला, तर तीच चेपलेली कटोरी इंग्लंडमधल्या एका छोट्या लिलावाच्या जुन्या निकालात निघाली, 'भारतीय तलवार, एकोणिसावे शतक', १८० पौंड. म्हणजे वीस-एकवीस हजार. भोसल्यांचा तिथे शब्द नाही. समुद्र ओलांडून आली आणि तिला सरदार मिळाला.

हे का जमतं, तर लोकांना वाटतं तलवार म्हणजे दुर्मिळच. तसं नाही. साध्या, नक्षी नसलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या तलवारी ढिगाने आहेत, इंग्रज अधिकारी त्या बोटी भरून घेऊन गेले, तिकडच्या लिलावांत अशी तलवार दीडशे ते तीनशे पौंडांत जाताना नेहमी दिसते. रघुजी भोसल्यांच्या तलवारीला भाव आला तो युरोपीय पात्यामुळे नाही, तसली फिरंगी पाती बरीच आहेत, तिच्यावर सोन्याने 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा' हे नाव आहे आणि ते त्या काळचं आहे, म्हणून. नाव सिद्ध होत नसेल तर तलवारीची किंमत लोखंडाची, कामाची आणि वयाची, बस. 'कुटुंबाकडून प्राप्त' हे वाक्य म्हणजे पुरावा नाही. कोणतं कुटुंब, कोणता कागद, जुना फोटो, जुनी यादी, काहीतरी पाहिजे. अहो त्या वाघनखांच्या बाबतीत सुद्धा, जी ग्रँट डफ या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याकडून आलेली, पेटीवर तसं लिहिलेलं, तिथे खुद्द म्युझियम सांगतं की ती महाराजांनी वापरलेलीच हे सिद्ध करता येत नाही. एवढं मोठं म्युझियम जे छातीठोकपणे म्हणत नाही ते हे लोक चार हजारांच्या वाघनखांवर बिनधास्त लिहितात. आणि प्रदर्शन चालू होतं त्या काळात तर अशी 'अस्सल' वाघनखं मी त्या एका साइटवर अकरा मोजली, सगळी एकाच साच्यातली, कड्यांच्या आत कास्टिंगची शिवण तशीच.

बोलींबद्दल मला जे दिसलं ते सांगतो, आरोप करत नाही. तीन महिने मी रोज रात्री निकाल वहीत लिहून ठेवले. एक बोलीदार नंबर होता, तो हत्यारांच्या जवळजवळ प्रत्येक लॉटवर शेवटच्या दोन मिनिटांत यायचा, दोन-तीनदा चढवायचा आणि थांबायचा. कधी चुकून त्याच्याच अंगावर लॉट पडला तर तीच वस्तू महिन्या-दीड महिन्याने परत लिलावात. माझ्या तलवारीवर पण ३८ हजारांपासून तोच होता समोर. म्हणून म्हणतो वही ठेवा, एका विक्रेत्याचे निकाल महिनाभर लिहा, आणि मगच पहिली बोली लावा.

चांगलं काहीच नाही असं नाही. याच साइटवरून एका दुसऱ्या विक्रेत्याची कट्यार एका मित्राने १८ हजारांत घेतली, मी स्वतः तपासून दिली, आणि ती सुंदर आहे. पात्याचं टोक जाड, चिलखत फोडायला असतं तसं, (नकली कट्यारीत टोक कागदासारखं पातळ असतं), मधल्या दोन्ही दांड्या बोटांनी घासून गुळगुळीत झालेल्या, एकीला जुनी दुरुस्ती, ती पण विक्रेत्याने वर्णनात लिहिलेली. आम्ही आधी मेसेज करून जाडी तीन ठिकाणी विचारली, वजन विचारलं, दिवसाच्या उजेडात साधा फोटो मागितला, त्याने दोन तासांत व्हर्निअर लावून व्हिडिओच पाठवला. वस्तू खरी असली की माणूस मापाला घाबरत नाही. अर्धा स्टार त्या विक्रेत्याचा, एक स्टार पॅकिंगचा.

खंडेनवमीला शेवटी आजोबांची कट्यारच पूजेत ठेवली, एकटीच, नेहमीसारखी. आई म्हणाली, बरं झालं, आपलं ते आपलं.

हा रिव्ह्यू आज लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. मंगळवारी त्या साइटवर माझीच तलवार परत आली. सांध्याजवळचं ते पिनहोल तसंच आहे, मूठ तीच, काळं कापड पण तेच. वर्णनात आता 'रघुजी भोसले काळातील' असं वाढवलंय, एस्टिमेट १ लाख ते दीड लाख. आणि पात्यावरचा लेख पाहिला तर 'शके' हा शब्द गायब, नुसतं १६७४ राहिलंय. फोटो मोठा केला की त्या जागी बफिंगच्या (घासून पॉलिश करायच्या चाकाच्या) गोल रेघा दिसतात. माझी तक्रार त्यांनी वाचली होती म्हणजे. मी लॉटखाली प्रश्न टाकलाय, मुठीजवळ, मध्ये आणि टोकाला जाडी किती मिलिमीटर आहे, कृपया कळवा. तीन दिवस झाले, उत्तर नाही, आणि बोली ४२ हजारांवर गेलीय. ती लावणारं नागपूरचं कोणी असेल आणि हे वाचत असेल तर थांबा भाऊ, मापं माझ्याकडे आहेत.